गाडीच्या मागचे तांबडे दोरे

काल सकाळी दारात पाणी मारायला गेले आणि बादली हातातनं सुटलीच... लेकाच्या नव्या गाडीच्या टपावर, मागच्या काचेवर, सगळीकडं तांबडे दोरे चिकटवलेले! बोट-बोटभर, ओळीनं.

मला अक्षर ओळखता येत नाही, पण करणी ओळखता येते. नवी गाडी, अमावास्या तोंडावर, आणि मंगळवार पेठेत जळणारे काय कमी आहेत?... सगळे दोरे उपटले, मीठ-मोहरीबरोबर निखाऱ्यावर टाकले आणि गाडीवरनं भाकरतुकडा ओवाळला.

तेवढ्यात नात बाहेर आली. इंजिनिअरिंगला आहे.

"आज्जी, काय केलंस गं! प्रोजेक्ट हुता माझा! उद्या व्हिडिओ दिला न्हाय तर नापास करतील की!" आणि भोकाडच पसरलं... एवढी घोडी झाली तरी.

दोरे माझ्याच लोकरीचे निघाले, विचारायची पद्धत नाहीच! गुंडा संपलेला. उरली होती ती थोरल्या नातवाच्या बाळासाठी अर्धी विणलेली कानटोपी... उसवली, दोरे पुन्हा होते तसे चिकटवले. काय करता.

शिरोली एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर लेक नवी गाडी घेऊन पुढं, आम्ही दोघी जुन्या गाडीतनं मागं. ती चालवणार, मोबाईल मी धरणार.

गाडीनं वेग घेतला आणि माझा वासलेला आ मिटेना. टपावरचे दोरे गप पडलेले... आणि काचेवरचे उलटे! गाडी पुढं पळतेय आणि हे टपाकडं तोंड करून नाचतायत.

"अगं, करणीच हाय की ही!"

"वारा हाय त्यो, आज्जी. त्यो कुठं वळतोय ते दिसायलाच दोरे लावल्यात. टप संपलं की मागं पोकळी हुत्या. वारा तिथं गरगरतो आणि गाडीला मागं ओढतो. पेट्रोल उगंच जातंय."

मग तिनं फ्रिजच्या खोक्याचं शेपूट कापलं, माशासारखं निमुळतं, आणि टपाला जोडून मागं उतरतं लावलं. त्यावर तेच दोरे. पुन्हा गाडी पळवली... आणि दोरे सगळे सरळ! तेल लावून विंचरल्यासारखे.

आज व्हिडिओ पास झाला. मॅडमनी दोनदा बघितला म्हणे... एकदा दोऱ्यांसाठी, एकदा माझ्या ओरडण्यासाठी.

जन्मभर वारा तोंडावर येतो एवढंच ठाऊक होतं. मागनं धरून ठेवणारा काल पहिल्यांदा बघितला, आणि तो दाखवला माझ्याच नातीनं.

कानटोपी पुन्हा पहिल्यापासनं घेतलीय. या खेपेला मागं निमुळतं शेपूट ठेवणार आहे... बाळ रांगायला लागलंय, वाऱ्यानं मागं ओढायला नको.