बहिणीच्या पत्रिकेतली मोकळी जागा

सोलापुरात सहा महिन्यांचा ग्राफिक डिझाइनचा कोर्स करून मी नळदुर्गला दुकान टाकलं, तेव्हा मला जगात दोनच जातींची माणसं दिसायची. कागदावर जागा सोडणारी आणि न सोडणारी. हायवेवरच्या ढाब्यावर जेवायला बसलो तरी मी समोरच्या पाटीवरचे पाच रंग मनातल्या मनात पुसत असायचो. तोवर भाकरी गार.

तत्त्वं तशी सोपी होती. आधी दिसायला हवं ते मोठं करायचं. ज्यांचं एकमेकांशी नातं आहे ते जवळ ठेवायचं. सगळं एका न दिसणाऱ्या रेषेला टेकवायचं. आणि मोकळी जागा सोडायची, म्हणजे नजर दम खाते. आमचे सर म्हणायचे, काढत जा, काढत जा, आणि आणखी काढलं तर मोडेल असं वाटलं की थांब. यातला पहिला अर्धा भाग मला फार चांगला समजला होता.

माझं गाव सास्तूर. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं, वहीत आखल्यासारखं. सरळ रस्ते, सारखी घरं, मधे मोजून सोडलेली जागा. लोकांनी त्या जागेत गोठे घातले, कडब्याच्या गंजी लावल्या, न्हाणीघरं काढली आणि सगळ्या रेषांचं वाटोळं केलं. मी याला गावाचा अडाणीपणा म्हणायचो. मोठ्यानं म्हणायचो, हे आणखी वाईट.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पत्रिका मी करणार, असं मी जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं. आई गेल्यापासून घरात माझ्या उद्योगाला काम समजणारी ही एकटीच. वडिलांच्या लेखी मी कम्प्युटरवर चित्रं काढायचो. कपाट, भांडी, पलंग हे मोठे काका देणार होते. मला तिला ही पत्रिका द्यायची होती. पाहुण्यांच्या घराघरात तीच गेली पाहिजे, एवढंच माझं मागणं.

आमच्याकडच्या पत्रिकेत वर गणपती, त्याखाली 'माजी चेअरमन' असलेले काका, आणि नवरा-नवरी शोधायला बोट फिरवावं लागतं. मी जाड पांढरा कागद घेतला. डावीकडे दोघांची नुसती नावं, त्याखाली तारीख आणि ठिकाण, अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात 'निमंत्रक : समस्त परिवार'. बाकी सगळा कागद कोरा.

"दादा, हीच," बहीण म्हणाली.

"आन् काका?"

"काकांचं मी बघती. तू कायबी बोलू नको."

रविवारी गावी गेलो की ती नवी सूचना करायची. "मार्जिन आजून थोडं सोडायचं का रं?" मी सोडायचो. कागदाचे चार नमुने नेले, तर तिनं डोळे मिटून, बोटं फिरवून खरबरीत निवडला. चेली गुरूच्या पुढं गेली म्हणून मी दुकानात दोन गिऱ्हाइकांना चहा पाजला.

पत्रिका छापून झाल्या. पहिली घेऊन मी मोटारसायकलवर बेंबळीला आत्याकडे गेलो. आत्यानं ती उघडली, मिटली, पालथी केली, उन्हात धरली.

"बाकीचं कुठंय?"

"बाकीचं म्हणजे?"

"मानसं, बाबा. मानसं."

"खाली हायत की. समस्त परिवार."

"आन् ही येवढी जागा कोरी कशापायी? शाई सरली का काय?"

"तिथं नजर दम खाते, आत्या."

"दोन तर नावं हायत. दमली कवा ती?"

आत्यानं उठून देवाच्या फोटोमागून एक लाल पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं. "आमाला आलीया की परवाच. तुझी बी ऱ्हाऊ दे. फोन नंबर लिव्हायला बरी हाय."

लाल कागद, सोनेरी वेल, वर गणपती, त्याखाली काका. नवरी तीच, तारीख तीच. बासष्ट नावं, मी मोजली. शेवटी पोरांच्या तोंडी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' मी स्वतः 'व्यवस्थापक' या मथळ्याखाली चुलतभावांच्या घोळक्यात, दुसऱ्या ओळीत उभा.

"काकांनी केलं ना हे?"

"त्यांचं नाव कशाला घेतूस? तुझी बहीणच आलती बसनं. माजं नाव वाचून दावलं. दादाला सांगू नका म्हनली." आत्यानं जीभ चावली. "सांगितलं बग म्या."

बेंबळीहून सास्तूरपर्यंत मी भांडण पाठ करत आलो. अंगणात वडील आणि बहीण लाल पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत बसले होते. मला बघून वडिलांनी घाईनं कुंकवाच्या वाटीवर रुमाल टाकला. पत्रिका तशाच उघड्या. मग माझ्यासाठी पाणी आणायला म्हणून ते आत गेले, ते आलेच नाहीत.

"ही कधी टाकलीस छापायला?"

"तुझा कागद ठरायच्या आधी."

"पसंत नव्हती तर तोंडावर सांगायचं."

"तुझा नमुना मी मोबाइलवर सासरी पाठवला व्हता. सासूबाईंनी इचारलं, तुमच्याकडं मानसं न्हाईत का?"

"त्यांना डिझाइनमधलं काय कळतंय?"

"आन् तुला? आईचं नाव कुठं टाकलंस?"

"समस्त परिवारात आली की ती."

"आई समस्त व्हय रं?"

लाल पत्रिकेत बहिणीच्या नावाखाली कंस होता. त्यात वडिलांचं नाव आणि 'कै. सौ.' लावून आईचं. नवरीचं नाव उठून दिसावं म्हणून तो कंस मी पहिल्याच दिवशी उडवला होता. नातं असेल ते जवळ ठेवायचं, हे तत्त्व मी परीक्षेत उदाहरणासकट लिहून आलो होतो.

त्या बाबतीत मी हरलो, आणि तसं तिला म्हणालोही. पण दुसरा प्रश्न उरलाच होता. "मंग इतके दिवस माझ्याकडून मार्जिन कशाला वाढवून घेत व्हतीस?"

ती कुंकवाचं बोट पदराला पुसत म्हणाली, "तू लई खूश व्हतास."

काकांनी दगा दिला असता तर मी गावभर सांगत फिरलो असतो, दोन लोकांनी माझी बाजूही घेतली असती. पण डोळे मिटून खरबरीत कागद निवडणाऱ्या बहिणीची तक्रार कुणाकडं करणार? रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा, तसा तिनं मला माझाच धंदा हातात दिला होता. आणि मी तो वाजवत गिऱ्हाइकांना चहा पाजला होता.

लग्न लाल पत्रिकेवर झालं. मंडपात माणसं मावेनात. आता ती दिवाळीला येते तेव्हा दुकानात माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसते, स्क्रीनकडं बघून म्हणते, "दादा, झकास!"

"खरं सांग," मी विचारतो, "दुसरीकडं छापायला टाकलीस ना?"

ती हसते. मीही हसतो, पण ती 'न्हाय' म्हणेपर्यंत मी फाइल सेव्ह करत नाही. आणि म्हणाली तरी आत्याला एक फोन लावून घेतो.