दातवाली मावशी आणि भिंत

दाताच्या दवाखान्यात पुढे डॉक्टर दात काढायचे आणि मागच्या खोलीत ती ते घडवायची. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. खिडकीखाली टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या कांड्या, घासायचं छोटं यंत्र. कपाटाच्या दारावर मात्र गावातल्या ज्युनिअर आइस हॉकी संघाचे फोटो, दर वर्षीचा एक.

हा नाद तिला दातांमुळेच लागला. बर्फावरच्या हॉकीत काठ्या आणि ती रबरी चकती कुठून कशी येईल याचा नेम नाही, आणि सतरा-अठराची पोरं संधी मिळाली की तोंडावरची जाळी काढून ठेवतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्याकडे एका आठवड्यात तिघा खेळाडूंचे पुढचे दात करायला आले. ही कार्टी खेळतात तरी काय, बघून यावं म्हणून ती एका रविवारी रिंकवर, त्यांच्या बर्फाच्या मैदानावर गेली आणि तिथलीच झाली. मोठ्यांचे सामने तिला फारसे रुचत नसत. "ते कामावर आलेले असतात," ती म्हणायची, "ही पोरं जीव ओततात." वर्षाअखेरीला वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा भरली की कुठल्या देशाचा गोलकीपर डाव्या हाताला कच्चा आहे, हे ती कवळी घासता घासता सांगायची.

लग्न तिने केलं नाही. इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झालेली थोरली बहीण तिच्याजवळ राहायची. "तुझं सासर आणि माहेर दोन्ही रिंकवर," ताई म्हणायची, "मी आपली भाडेकरू."

संघातली पोरं तिला दातवाली मावशी म्हणत. त्यांच्यात एक बचावपटू होता. त्याला ओलांडून कोणी पुढे जात नसे, म्हणून सगळे त्याला भिंत म्हणत. सोळाव्या वर्षी तो लांबच्या एका गावाहून आला, त्याच वर्षी तिने त्याला पुढचा दात करून दिला. आता तो एकोणीसचा होता. इतक्या वर्षांत या गावातून एकही पोरगा देशाच्या ज्युनिअर संघात गेला नव्हता. हा जाणार, हे तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मनाशी धरलं होतं.

स्पर्धेला महिना राहिला असताना एका सामन्यात त्याला मागून जबर धडक बसली. डोकं कडेच्या फळ्यांवर आपटलं. तो उठला, हात हलवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. तीन दिवसांनी तो तुटलेला दात घेऊन दवाखान्यात आला. दाताचा रंग जुळवायचा तर उजेडातच, म्हणून तिने त्याला खिडकीशी बसवलं.

"मावशी, पडदा ओढा ना."

"पडदा ओढल्यावर रंग कसा दिसायचा मला?"

"डोळ्यांत सुया टोचल्यासारखं होतंय."

दात कधी मिळेल हे त्याने विचारलं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. मग एकदम उठून बेसिनवर वाकला आणि भडाभडा ओकला. तिने त्याचं कपाळ धरलं.  

"संघाच्या डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, डोकं दुखतं का. मी नाही म्हटलं."

"अरे, पण का?"

"शनिवारी संघ जाहीर होतोय." त्याने तोंड पुसलं. "तुम्ही कोणाला सांगू नका. तुम्हाला नाही का बघायचं मला त्या जर्सीत?"

फोन टेबलावरच होता. प्रशिक्षकाचा नंबर तिला तोंडपाठ होता. ती म्हणाली, "पाणी पी भरपूर. चार दिवस आराम कर." सर्दी झालेल्या माणसाला सांगावं तसं.

संध्याकाळी ताईने विचारलं, "आज तोंडाला कुलूप का?"

"काही नाही गं. एका दाताचा रंग जुळत नव्हता."

शनिवारी त्याचं नाव आलं. तिने दवाखाना डोक्यावर घेतला. स्पर्धेतला उपांत्य सामना एका दुपारी होता. पुढच्या खोलीत गाल धरून बसलेल्या पेशंटांना ती टीव्हीकडे बोट दाखवून सांगत होती, "तो हसतोय ना, तो दात माझा." दुसऱ्या सत्रात त्याला समोरच्या खेळाडूचा खांदा लागला. धडक फार मोठी नव्हती. तो आडवा झाला तो उठलाच नाही. दवाखान्यात कोणीतरी म्हणालं, "उठेल, नाटकं करतोय." तिने टीव्हीकडे दाखवलेलं बोट खाली घेतलं. स्ट्रेचर आलं, नेलं, खेळ पुढे सुरू झाला. दोन दिवसांनी देशाला सुवर्णपदक मिळालं. डॉक्टरांनी दवाखाना लवकर बंद केला आणि तिला म्हणाले, "अभिनंदन! तुमचा पोरगा तो."

तो वाचला, पण खेळ संपला. उजेड सोसेना, दहा ओळी वाचल्या की डोकं फुटायची वेळ. आई त्याला घरी घेऊन गेली. बर्फ वितळल्यावर मावशी तीन तास बसमध्ये बसून त्यांच्याकडे गेली. आईने चहा ठेवला. "तुम्ही त्याच्यावर फार माया केलीत," आई म्हणाली. हे ऐकलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. खिडकी, ओकारी, फोन.

आईने विचारलं, "स्पर्धेच्या किती दिवस आधी?"

"सव्वीस-सत्तावीस."

"म्हणजे जवळजवळ महिनाभर तुमच्याकडे फोन होता."

तेवढ्यात आतल्या अंधाऱ्या खोलीतून तो आला, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. तिला बघून खुलला. "मावशी! आता गोलमध्ये कोण आहे?" आणि ती सांगत बसली. नवा गोलकीपर, त्याची उंची, त्याचे अडवलेले फटके. दहा मिनिटं दोघंही रंगून गेले. आई उभी होती. मग आईने कप उचलले आणि म्हणाली, "तुमची बस चुकेल."

घरी येऊन तिने ताईलाही सांगितलं.  "पस्तीस वर्षं असल्या केसेस बघितल्या मी," ताई म्हणाली. "तू त्या दिवशी माझ्या शेजारी बसून जेवलीस."

पुढचा एक मोसम ती रिंककडे फिरकली नाही. खेळावरचं मन उडेल, उडायलाच हवं, असं तिला वाटत होतं. दुसऱ्या मोसमातल्या तिसऱ्या सामन्याला ती गेली, फक्त खात्री करून घ्यायला. पोरं बर्फावर उतरली, बुटांखालच्या पात्यांचा तो खर्रखर्र आवाज आला, आणि तिच्या पोटात नेहमीचा आनंद उसळला. तसूभरही कमी झाला नव्हता. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती. मध्यंतरात उठून जायचं तिने ठरवलं. मध्यंतर झालं, संपलं. ती बसून राहिली.