जनावरांच्या दवाखान्यातली तारखांची शीट

माणसांच्या दवाखान्यात पेशंट बोलतो. आमच्याकडं पेशंट गप्प असतो, म्हणून त्याच्या वाटचं सगळं मालक बोलतो! आता सांगा, किस्से साठणार नाहीत तर काय होणार? चहाच्या टपरीवर एक सांगायला घ्यावा तर मागून चार उभेच असतात.

आमचा दवाखाना चौसाळ्याच्या बाजूला, हायवेपासून थोडा आत. आम्ही चौघं. डॉक्टर मॅडम. मी आणि गोरख, दोघं पर्यवेक्षक. आणि लिंबाजीमामा, आमचे परिचर. मामांची सातवी झालेली, पण तीस वर्षांत दवाखान्यात आलेली प्रत्येक म्हैस त्यांना तोंडओळखीची!

तर आमच्या दवाखान्याची एक शीट आहे. लॅपटॉपवरची. कानातल्या कुठल्या टॅगच्या जनावराला लस कधी, गाय भरवली कधी, व्यायची कधी, आजारी कधी पडलं, सगळं त्यात. ती मी बनवलीय, हे मी न लाजता, छाती काढून सांगतो. कारण त्या शीटवर एकदा एका मेंढपाळाचं गावात राहणं अवलंबून होतं. हरिबामामा त्याचं नाव. गाव त्याला हाकलायला निघालं होतं. ते सगळ्यात शेवटी सांगतो, आधी बाकीचे ऐका.

* * *

शीट सुरू केली तेव्हाची पहिली पंचाईत म्हणजे आमच्याकडं तारीख कुणी सांगतच नाही!

"गाय कधी भरवली होती?"

"पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी."

"म्हैस कधीपासून खात नाही?"

"येळ आमुशेच्या आदल्या बाजारी थोडा कडबा खाल्लता, तवापासून न्हाई."

मी चिडून मामांना म्हटलं, "मामा, लोकांना नीट तारीख विचारा की!"

मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमची तारीख रोज बदलती. पोळा वर्षातून एकदाच येतो. मग पक्कं काय म्हणावं?"

रविवारी बसलो आणि शीटमध्ये दुसरं पान काढलं. त्यात पंचांग बघून सगळे सण, अमावस्या, यात्रा आणि आठवडी बाजार, आणि प्रत्येकासमोर त्याची तारीख. मग व्ही-लूकअप लावला, म्हणजे नाव शोधून समोरची तारीख आणणारं सूत्र. मामांनी एका खान्यात "पोळा" टाकायचं, शेजारी "३" टाकायचं, की पुढच्या खान्यात खरी तारीख हजर. मामांनी पहिल्यांदा करून बघितलं आणि खुर्चीतून उठून उभेच राहिले. म्हणाले, "आता हे मशीन आपल्या गावचं झालं!"

* * *

गोरखचा किस्सा तर त्याच्या लग्नात सांगायचा राहिला, नाहीतर पोरगी मिळाली नसती.

दोनशेच्या वर मेंढ्यांना लस टोचून गोरख आला. एकाच दिवसात, उन्हात, एकट्यानं! काम वाघाचं. मग एन्ट्री करायला बसला. पहिल्या मेंढीसमोर तारीख टाकली आणि कोपरा धरून माऊसनं खाली ओढत नेली, सरळ शेवटच्या मेंढीपर्यंत. पाच सेकंदात काम खल्लास. बाहेर जाऊन तंबाखू मळायला लागला.

आता ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे. तारीख खाली ओढली की प्रत्येक ओळीला एक दिवस पुढं सरकते. म्हणजे पहिली मेंढी आज, दुसरी उद्या, तिसरी परवा!

महिन्याचा गोषवारा काढला तर गोरखच्या नावावर त्या महिन्यात जेमतेम वीस मेंढ्या. मॅडमनी शीट खालपर्यंत बघितली, चष्मा काढून पुसला आणि गोरखला आत बोलावलं.

"गोरख, येत्या जुलैत रजा टाकू नका."

"कावून मॅडम?"

"तुमची शेवटची मेंढी तेव्हा टोचायचीय!"

* * *

एक किस्सा माझ्यावरचाही सांगतो. नाहीतर म्हणाल, स्वतःचं झाकतो.

एका शेतकऱ्याची गाय बारा जानेवारीला भरवली होती आणि दहा ऑक्टोबरला व्याली. झकास कालवड झाली. त्याला नोंदीचा कागद पाहिजे होता. मी प्रिंट काढून दिला. तो कागद घेऊन दारापर्यंत गेला आणि परत आला.

"साहेब, ह्यात लिहिलंय की गाय भरवली येत्या एक डिसेंबरला."

"बरं?"

"आणि व्याली दहा ऑक्टोबरला."

"मग?"

"म्हणजे आमची गाय अॅडव्हान्समध्ये व्याली का?"

मामा इतके हसले की औषधाच्या कपाटाला धरून उभे राहिले. झालं होतं असं, की माझा लॅपटॉप परदेशी सवयीचा. तो महिना आधी वाचतो, दिवस मागून. मी टाकलं बारा-एक, त्यानं वाचलं बारावा महिना, पहिली तारीख! आणि दिवस बाराच्या पुढचा असला, की इतके महिने नसतातच म्हणून तो त्याला तारीखच मानत नाही. नुसती अक्षरं समजून खान्याच्या डाव्या कडेला चिकटवून ठेवतो. अशी तारीख कशाशीच जुळत नाही, मोजणीतही येत नाही.

मी सगळी शीट पहिल्यापासून तपासली. तीन दिवस लागले. पण त्यानंतर आमच्याकडची एकही गाय अॅडव्हान्समध्ये व्याली नाही.

* * *

शीटमध्ये गाय भरवल्याची तारीख टाकली की पुढं दोनशे ऐंशी दिवस मिळवले जातात, म्हशीला तीनशे दहा. त्या आठवड्यात कोण व्यायचं त्याची यादी सोमवारी निघते आणि मामा फोन करतात. "मावशी, म्हशीकडं लक्ष ठेवा, दोन-चार दिवसात मोकळी होईल."

गयाबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिच्या दोन्ही म्हशी मामांनी सांगितलेल्या दिवसाच्या मागंपुढं व्याल्या. झालं! म्हातारी सुनेला घेऊन थेट दवाखान्यात.

"बाबा, हिची बी तारीख काढ त्या मशिनीत."

मामा म्हणाले, "मावशी, ह्यात टॅग नंबर लागतो. सूनबाईला टॅग कुठाय?"

सून पदर तोंडाला लावून उभी होती. तिथूनच बोलली, "आधी सासूबाईचा मारा. त्या लई हिंडत्यात, घावत न्हाईत!"

गयाबाई जी हसायला लागली, ती रिक्षात बसेपर्यंत हसत होती. सुनेला मुलगी झाली. पेढे आम्हालाही आले.

* * *

एकदा जिल्ह्यावरून मोठे साहेब तपासणीला आले. कडक माणूस. शीट उघडली आणि "पोळा, ३" बघून भुवया वर.

"हे काय चालवलंय? सरकारी नोंद आहे का पंचांग?"

मॅडम काही बोलायच्या आत मामा पुढं झाले. "साहेब, तुमी कोणत्या बी जनावराचं विचारा."

साहेबांनी एक टॅग नंबर सांगितला. मामांनी दोन बोटांनी एकेक आकडा दाबत तो टाकला. मालक, गाव, लस, शेवटचं आजारपण, सगळं एका ओळीत समोर. साहेबांनी दुसरा सांगितला. तिसरा सांगितला. तोही निघाला.

जाताना खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि मला म्हणाले, "ते सणांचं पानही घाला ह्यात."

त्या दिवशी आम्ही चौघांनी टपरीवर भजी खाल्ली आणि प्रत्येकानं आपणच बिल देणार म्हणून भांडण केलं.

* * *

आता हरिबामामाचं.

हरिबामामा धनगर. दोनशे चौदा मेंढ्या, बायको, दोन घोडी आणि एक कुत्रं. पावसाळा संपला की गेवराईकडून, गोदावरीचा काठ सोडून चरत चरत आमच्या भागात येतो. वीस वर्षांची वहिवाट. मेंढ्या रानात बसल्या की रानाला खत होतं, म्हणून शेतकरी हात धरून बोलावतात, "मामा, आमच्या रानात बसवा." ह्या वर्षी मात्र तो आला आणि आठवड्यात गावातल्या शेळ्या पटापट आजारी पडायला लागल्या. नाक गळतंय, तोंडात फोड, हगवण. काही मेल्या. गोरगरिबाची शेळी मेली की घरात चूल पेटत नाही हो, लोक खवळणारच.

गावातले पुढारी आबा. शंभर एकराचे धनी. त्यांनी मारुतीच्या पारावर बैठक बोलावली, आम्हा दवाखान्यातल्या चौघांनाही. "रोग ह्यानं आणला. उद्या सकाळच्या आत कळप हद्दीच्या बाहेर. परत ह्या गावात पाऊल टाकायचं न्हाई!"

एका गावानं असं हाकललं की पुढची दहा गावंही दार लावतात. हरिबामामा घोंगडी खांद्यावर घेऊन उभा. एवढंच म्हणाला, "आबा, माझ्या मेंढ्या टोचलेल्या हायत. आन् मी आलो त्याच्या आधीपासून शेळ्या पडायल्यात."

"कशावरून?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी लॅपटॉप पारावरच उघडला. आमच्याकडं आजारी जनावरांची नोंद होती. गेवराईकडच्या दवाखान्यानं त्याच्या मेंढ्या टोचल्या होत्या, त्यांची यादी मॅडमनी मागवून घेतली होती. मला एवढंच करायचं होतं. गावात पहिली शेळी आजारी पडली ती तारीख घ्यायची, आणि त्या दिवशी ह्याच्या किती मेंढ्या तिकडं, नदीकाठी, लस घेत होत्या ते मोजायचं. काउंटइफ्स लावला, म्हणजे अट घालून मोजायचं सूत्र. एंटर दाबलं.

उत्तर आलं शून्य!

आबा वाकून बघत होते. "बघा! मशीन बी तेच सांगतंय!" लोक उठायला लागले. हरिबामामाच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात गेवराईच्या यादीकडं नजर गेली. सगळ्या तारखा डाव्या कडेला चिकटलेल्या!

"बसा!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या गावात माझा आवाज चढला. "दोन मिनिटं बसा सगळे!"

अक्षरांच्या तारखा केल्या. परत एंटर.

दोनशे चौदा.

एक मेंढी कमी नाही, एक जास्त नाही. लिंबाजीमामांनी तो आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. आमचं चौघांचं, गेवराईची यादी करणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसाचं, सगळ्यांचं काम त्या आकड्यात होतं.

मागून एकानं विचारलं, "म्हंजी हरिबामामा तवा तिकडं नदीवर होता. मग गावात पहिली शेळी पडली ती कुणाची?"

मी यादी तारखेप्रमाणं लावली. पहिली ओळ वाचली आणि मॅडमकडं बघितलं.

मॅडम म्हणाल्या, "वाचा."

"आबांची. गड्याबरोबर दवाखान्यात पाठवलेली. कडा गावच्या बाजारातून नवीन आणल्याची नोंद आहे."

आबा पायातल्या चपलेकडं बघत राहिले. सगळं गाव आता हरिबामामाकडं बघत होतं, हा काय बोलतो म्हणून. त्याच्या जागी दुसरा असता तर त्यानं आबांच्या सात पिढ्या काढल्या असत्या, आणि कुणी अडवलंही नसतं.

हरिबामामानं घोंगडी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि दोन पावलं पुढं आला.

"आबा," तो म्हणाला, "वाचली का हो ती शेळी?"