मास्तरांच्या अंगातली आक्का

आमचे मास्तर, माझे यजमान, गाडी शिकवतात. म्हणजे गाडी शिकणारा चालवतो आणि मास्तर शेजारच्या सीटवर बसून, आपल्या पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, रस्त्यावरच्यांचे प्राण वाचवतात. ही सवय घरीही सुटत नाही. मी जरा वेगानं बोलायला लागले की सोफ्यावर बसल्याबसल्या त्यांचा उजवा पाय सतरंजीवर दाबला जातो. मी मात्र त्यामुळे कधी थांबलेली नाही.

असा थंड डोक्याचा माणूस. त्यांना रक्ताचा आजार झाला, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी दुसऱ्या कुणाच्या तरी घ्याव्या लागणार होत्या, आणि त्या जुळल्या नेमक्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या. आक्काची लॉन्ड्री आहे आणि जीभ इस्त्रीपेक्षा गरम. तिच्या हातातल्या नळीतून रक्त मशीनमध्ये जात होतं, त्यातून पेशी वेगळ्या निघत होत्या, आणि पडल्यापडल्या आक्का नर्सला चादर कशी घालायची ते सुनावत होती.

पेशी मास्तरांच्या अंगात रुजल्या. रक्तगट बदलून आक्काचा झाला. मास्तर हिंडूफिरू लागले, कामावर गेले आणि एक दिवस चक्क ट्रॅफिक पोलिसाशी भांडून आले. मी विचारलं तर म्हणाले, मी कुठे, आक्काचं रक्त भांडलं. झालं, घराला विषयच मिळाला. मास्तर चिडले, की आक्काचं रक्त. शर्टाच्या कॉलरला नाक मुरडलं, की आक्काचं रक्त. आक्का सगळ्यांत मोठ्यानं हसायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, भाऊ आता नखशिखांत माझा आहे.

मग मास्तरांनी एक नंबर मोठे बूट आणले. का, तर स्वस्तात मिळाले. मी मेली विश्वास ठेवला. थोड्याच दिवसांत त्यांची एक शिष्या, बँकेतल्या बाई, घरी आल्या. त्या दिवशी गाडी कचऱ्याच्या डब्यावर चढली होती, कारण मास्तरांचा पाय ब्रेकवर वेळेत पडलाच नव्हता. बाईंनी हळूच सांगितलं, मास्तरांचे पाय सुजलेत हो. मी मोजे ओढून काढले. अंगठ्यानं दाबलं तर खळगा तसाच राहिला. मग मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि सतरंजीवर पाय दाबायची हिंमत मास्तरांनी केली नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्त उत्तम आहे, किडन्या मात्र निम्म्या कामातून गेल्यात. पेशी देण्याआधीची जहाल औषधं, आणि नंतर नव्या रक्तानं जुन्या शरीरात नीट नांदावं म्हणून चाललेल्या गोळ्या, या सगळ्यांचा भार किडन्यांनी सोसला होता. बऱ्याच जणांचं असं होतं, म्हणून तर रक्तदाब आणि लघवी तपासत राहायची असते. मास्तरांनी तपासण्या बुडवल्या होत्या. शिष्यांच्या लायसन्सच्या परीक्षा होत्या म्हणे. आता गोळ्या बदलून, रक्तदाब ताब्यात ठेवून उरलेलं सांभाळायचं. नाही सांभाळलं तर डायलिसिस, नाहीतर कुणाची तरी किडनी.

आक्काला मी फोनवर कळवलं आणि आक्का यायचीच बंद झाली. दुकानात गर्दी आहे म्हणायची. माझ्या मनात नको ते आलं, की किडनी मागतील म्हणून घाबरली. दाराची बेल वाजली की मास्तर मान वर करायचे. ते मला बघवेना. शेवटी भांडायची पूर्ण तयारी करून मी लॉन्ड्रीत गेले.

गर्दी कसली, दुकानात चिटपाखरू नव्हतं. आक्का एकाच शर्टावर पुन्हापुन्हा इस्त्री फिरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याच रक्तानं खाल्ल्या ना त्याच्या किडन्या? तुम्हीच म्हणायचात, तापट आहे म्हणून."

माझं भांडण घशातच राहिलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं, रक्ताचा काही दोष नाही म्हटलं. तिला पटेना. मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, म्हणाली. एवढी वर्षं हिला फटकळपणानं खरं तेच सुनावत आले, आणि नेमकी आज मी तिला गोडबोली वाटले.

घरी जाऊन मी मास्तरांना घेऊन आले. ते कपड्यांच्या गाठोड्यांत स्टुलावर बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "आक्का, तुझं रक्त ठणठणीत आहे. तपासण्या मी बुडवल्या. पाय सुजले, तेही मीच लपवलं."

आक्कानं इस्त्री बंद केली. आता काही खरं नाही म्हणून मी दोन पावलं मागे सरकले. पण तिचा आवाज चढलाच नाही.

"मागच्या खेपेलाही तू सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली. "मला हिच्याकडून कळलं. मी धावत आले, पण तू मागितलं नाहीस. आता किडनी लागली तर तू माग. स्वतः."

मास्तरांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. जेवताना मीठसुद्धा स्वतः उठून घेतात. त्यांनी खाली घातलेली मान वर केली.

"मागेन," ते म्हणाले.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तरी मागेन."

आक्का रडायला लागली, तिचं बघून मास्तरही. कुणाला आधी समजवायचं ते मला कळेना, म्हणून मीही रडून घेतलं.