दुजोरा देणारे साडू

माझे मोठे साडू मागच्या मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी सव्वाचार वाजता, खोटे बोलले. स्थळ त्यांचेच अंगण, ब्रह्मपुरीपासून नऊ किलोमीटरवरचे. ऐकणारे आम्ही सात जण होतो आणि सातही जण आजपर्यंत आपल्या सांगण्यावर ठाम आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी खोटे बोलायला इतक्या उशिरा सुरुवात केलेला दुसरा माणूस मिळणार नाही. साडूंचे वय तेव्हा एकसष्ट होते. त्यांच्या बालपणाबद्दल खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही; त्यानंतरच्या काळाबद्दल सगळ्या गावाकडे आहे.

माणसाचे आयुष्य सत्य, अहिंसा आणि श्रद्धा या तीन गोष्टींवर चालते, असे साडूंचे म्हणणे. ते त्यांनी आपल्या मोपेडवर रंगवून घेतले. पेंटरने ‘सत्य’ आणि ‘अहिंसा’ पुढच्या मडगार्डवर काढले. तिथली जागा संपल्यामुळे ‘श्रद्धा’ मागे गेली, नंबरप्लेटच्या वर, दोन गुलाबांच्या मधे. तेव्हापासून मागून येणाऱ्या लोकांचा समज असा की श्रद्धा ही त्यांची मुलगी. बाजारात कोणीतरी विचारायचे, ‘‘काय जी, श्रद्धा कशी आहे?’’ साडू थोडा विचार करून खरे ते सांगायचे, ‘‘कमी-जास्त होत राह्यते.’’ ‘‘मंग दवाखान्यात काऊन नाई दाखवत?’’ यावर साडू मोपेडला किक मारायचे. त्यांच्या मुलीचे नाव पल्लवी आहे आणि तिची प्रकृती उत्तम आहे.

अहिंसेचा संबंध मुख्यतः उंदरांशी येतो. साडूंच्या घराला लागून राईस मिल आहे. ती सुरू असली की कोंडा उडून अंगणात येतो, आणि बंद झाली की उंदीर येतात. माझी मेव्हणी औषध आणा म्हणाली. साडूंनी पिंजरा आणला. उंदीर गावाबाहेर सोडले तर ते साडूंच्या आधी घरी पोचत. म्हणून साडूंनी नदीचा आधार घेतला. दर सोमवारी आणि गुरुवारी ते पिंजरा पिशवीत घालून वडशाच्या बसमध्ये बसत, वैनगंगेच्या पुलापलीकडे उतरत आणि ‘‘जा बाप्पा, सुखानं राहा’’ म्हणून पिंजऱ्याचे दार उघडत. अशा रीतीने तीन वर्षे चंद्रपूर जिल्ह्यातले उंदीर गडचिरोली जिल्ह्यात जात राहिले. पहिल्याच फेरीत कंडक्टरने पिशवी कशाची म्हणून विचारले होते. साडूंनी सांगितले, ‘‘तीन उंदीर.’’

‘‘जिते?’’

‘‘हाव. मेलेले काऊन नेऊ?’’

‘‘उतरा खाली.’’

‘‘त्यायचं तिकीट द्या. मी फुकट नेत नाई.’’

कंडक्टरने मशीनची बटणे दोनदा दाबून पाहिली. उंदरांचा दर त्यात नव्हता. मागचे प्रवासी ओरडायला लागल्यावर त्याने तिघांत मिळून एक अर्धे तिकीट फाडून दिले. ते साडूंनी जपून ठेवले.

श्रद्धेचे उदाहरण गावच्या थांब्यावरच्या फलकाचे देता येईल. त्यावर सकाळी सव्वानऊची एक बस लिहिलेली आहे. ती चार वर्षांपूर्वी बंद झाली, पण फलक कोणी पुसला नाही. साडू नऊला जाऊन उभे राहतात. गावकरी सांगतात, ‘‘भाऊ, ते गाडी बंद झाली ना!’’ साडू छत्रीच्या टोकाने फलक दाखवतात. एका मंगळवारी सव्वानऊला खरोखरच बस आली. ड्रायव्हर नवीन होता आणि रस्ता चुकला होता. साडू एकटेच चढले, त्याला हमरस्त्यापर्यंत वाट दाखवली आणि तिथून पायी परत आले. त्या दिवसापासून त्यांना समजावण्याचा प्रयत्न गावाने सोडून दिला.

उंदरांचा आणि बसचा त्रास इतरांना बेताचाच होता. खरी अडचण सत्याची होती. साडूंचा आवाज चांगला असल्यामुळे दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटकाची जाहिरात करायला त्यांना भोंगा लावलेल्या जीपमध्ये बसवत. एका वर्षी त्यांनी चार गावांत जाहीर केले की नायिका बरी गाते, खलनायक पाठांतर करत नाही आणि दुसऱ्या अंकात झोप येते. पाचव्या गावाच्या वेशीवर मंडळाच्या अध्यक्षांनी जीप अडवली. पल्लवीला पाहायला आलेले पहिले स्थळही असेच गेले. पाहुण्यांनी पोह्यांची तारीफ केली आणि साडू म्हणाले, ‘‘शेजारनीले सांगतो. तिनंच केले.’’ त्या वेळी पल्लवी मनापासून हसली होती, कारण तो मुलगा तिला पसंत नव्हता.

मागच्या डिसेंबरात ती माझ्याकडे आली तेव्हा हसत नव्हती. मुलगा वडशाचा होता. नाव निखिल. दोघे ब्रह्मपुरीच्या कॉलेजात एका वर्गात होते. त्याच्या घरचे गुरुवारी पाहायला येणार होते आणि पहिल्या भेटीत मन खट्टू झाले तर त्याचे वडील दुसऱ्यांदा येणारे नव्हते.

‘‘मावसाजी, बाबाले काहीतरी शिकवा,’’ ती म्हणाली. ‘‘खोटं बोला म्हनत नाई मी. फक्त थोडं कमी खरं बोला म्हना.’’

मी तीस वर्षे तालुका वार्ताहर आहे. आमच्या धंद्यात त्याची सोय असते. बुधवारी मी साडूंना ती समजावून सांगितली. जे आपण पाहिलेले नाही, ते ‘असे समजते’ म्हणून सांगावे. जे दुसरा बोलला, ते ‘असे त्यांचे म्हणणे आहे’ म्हणून त्याच्या नावावर टाकावे. आणि जिथे फारच अडचण असेल तिथे ‘दुजोरा मिळू शकला नाही’ म्हणून थांबावे.

साडूंनी लक्षपूर्वक ऐकून घेतले. ‘‘म्हंजे खोटंबी नाई अन् खरं अंगावरबी नाई?’’

‘‘हाव, भाऊ.’’

‘‘मस्त धंदा आहे जी तुमचा,’’ ते म्हणाले. तारीफ होती की टोमणा, हे मी विचारले नाही.

गुरुवारी अकरा वाजता निखिल, त्याचे वडील आणि आई आले. सुरुवात अपेक्षेपेक्षा चांगली झाली. वडिलांनी विचारले, ‘‘पोरीले सयपाक येते?’’

‘‘येते, असं तिच्या आईकडून समजते.’’

‘‘रागीट-बिगीट?’’

‘‘तसं शेजाऱ्यायचं म्हननं आहे. पोरीकडून दुजोरा भेटला नाई.’’

निखिलच्या वडिलांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘‘मानूस अभ्यासू दिसते.’’ दाराआड मेव्हणीच्या बांगड्या वाजल्या, त्या आनंदाने वाजल्या असाव्यात. पोहे आले, चहा आला. मी सहज म्हणून त्यांच्या धंद्याचे विचारले. ती चूक माझी होती.

‘‘पोत्यायचं दुकान आहे ना आपलं. पूल उतरला का पहिलंच,’’ निखिलचे वडील म्हणाले. ‘‘धंदा बरा आहे, पन उंदरानं पार वाट लावली. सारे पोते कुरतडले. तीन वर्स झाले, कुठून येऊन राह्यले, काही समजत नाई.’’

साडूंनी बशीतला चहा परत कपात ओतला. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, ‘‘भाऊ, ‘असे समजते’ म्हणा. नाहीतर काहीच म्हणू नका.’’ पल्लवी ट्रे घेऊन धावत आली. ‘‘बाबा, पोहे घ्या ना आनखी. भरपूर घ्या.’’ तिने बशी जवळजवळ त्यांच्या तोंडाला लावली. साडूंनी ती हाताने बाजूला केली.

‘‘हे ऐकीव नाई,’’ ते म्हणाले. ‘‘मी सोता सोडले. या गोष्टीले मी दुजोरा देतो.’’

‘‘काय सोडले?’’

‘‘उंदीर. सोमवारी अन् गुरुवारी. तुमचं दुकान तिथं आहे हे मले माहीत नवतं. फुकट नाई आनले, तिकीट काढून आनले.’’ आणि त्यांनी उठून फळीवरच्या डब्यातून ते अर्धे तिकीट काढले आणि पाहुण्यांच्या हातात दिले.

निखिलच्या वडिलांनी तिकीट दोन्ही बाजूंनी पाहिले, कपाखाली ठेवले आणि चपला शोधायला दाराकडे गेले. निखिल छताकडे पाहत होता. पल्लवी पोह्यांच्या बशा ट्रेमध्ये गोळा करू लागली. त्यातल्या चमच्यांचा आवाज येत होता. तेवढ्यात निखिलच्या आईला ठसका लागला. पाणी दिल्यावर कळले की त्या हसत होत्या.

‘‘या जी, बसा इथी,’’ त्या नवऱ्याला म्हणाल्या. ‘‘कोनी इचारलं नाई तं या मानसानं उंदराचं सांगतलं. मंग पोरीचं इचारलं तं खोटं सांगल का?’’ मग त्या साडूंकडे वळल्या. ‘‘भाऊ, ते समजते-बिमजते राहू द्या. तुमची पोरगी कशी आहे, सांगा.’’

साडूंनी या वेळी माझ्याकडे पाहिले नाही.

‘‘रागीट आहे. चहा चांगला करते, पोहे शेजारनीचे आहेत. मी बिमार पडलो तं उशाशी बसून राह्यते अन् बरा झालो का मलेच रागावते.’’ त्यांनी चहा पुन्हा बशीत ओतला. ‘‘पोरगी गेल्यावर मले या घरात कोनी रागावनार नाई.’’

पल्लवी ट्रे घेऊन आत गेली. निखिलच्या वडिलांनी एक चप्पल घातली होती, ती त्यांनी काढली.

सोयरीक त्याच बैठकीत पक्की झाली. मुलाकडून अट एकच होती आणि ती उंदरांची. साडूंनी ती मान्य केली. तेव्हापासून उंदीर उलट्या बाजूच्या बसने नागभीडकडे जातात. श्रद्धा त्या दिवशी जास्त होती, असे साडूंनी मला नंतर सांगितले.

लग्न मे महिन्यात, रविवारी, साडूंच्या अंगणात झाले. सव्वाचारला नवरा-नवरीची जीप दारात लागली. पल्लवी चढता चढता थांबली आणि वडिलांना रागावू लागली. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, आधी नाही. बसमध्ये कंडक्टरशी भांडायचे नाही. सव्वानऊच्या गाडीसाठी उन्हात उभे राहायचे नाही. साडू ‘‘हाव, हाव’’ म्हणत होते. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले.

‘‘बाबा, रडून राह्यले का?’’

आम्ही सगळे साडूंकडे पाहू लागलो.

‘‘नाई ओ,’’ साडू म्हणाले. ‘‘मिलचा कोंडा गेला डोळ्यात.’’

जीप वळणापलीकडे गेल्यावर मी शेजारी जाऊन पाहिले. मिलच्या शटरला कुलूप होते. मालक, फिटर आणि दोन्ही हमाल मांडवात शेवटच्या पंगतीला बसले होते. मिल आदल्या दिवसापासून बंद होती.