फोन न करणारी सुपरवायझर

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, लॉन्ड्रीत सुपरवायझर होत्या. इस्पितळांच्या चादरी, टॉवेल, गाऊन तिथे धुवायला येतात. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "एवढ्या लोकांच्या चादरी सांभाळते, आणखी एकाची कशाला?"

इस्त्रीच्या यंत्रावर लागल्या होत्या, तिथून वर चढल्या. पण डबा शेवटपर्यंत बायकांबरोबरच खाल्ला. घडीच्या टेबलावर एक बाई आहे, तिचं काम इतकं सुबक की सगळे तिला घडीवालीच म्हणतात. ती वन्संची जिवाभावाची. तिची दोन्ही मुलं वन्संच्या मांडीवर खेळून मोठी झाली.

मध्यंतरी सरकारने नोकरीचे कायदे बदलले. त्यात एक कलम असं, की सुट्टी झाल्यावर कामावरून फोन आला तर तो उचलायची सक्ती नाही, आणि उचलला नाही म्हणून कुणाला त्रास देता येणार नाही. आता त्या बदलांचा खरंच उपयोग झाला का, हे तपासायला सरकारने बाहेरची तीन माणसं नेमली आहेत. ना सरकारची, ना मालकांची, ना युनियनची. ती ठिकठिकाणी बसून लोकांचं ऐकून घेतात. मालकांनी वन्संना सांगितलं, "आपल्या लॉन्ड्रीतर्फे तुम्हीच बोला."

"सांगण्यासारखं आहेच," वन्सं माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. "कायदा आल्यापासून मी एकीलाही घरी फोन केलेला नाही, वहिनी."

"मग इस्पितळाचं जास्तीचं काम अचानक आलं की काय करतेस?" ह्यांनी विचारलं.

"जाते ना घरी. कायदा फोनचा आहे. संध्याकाळी आपली चालत जाते, चहा घेते, मुलांचा अभ्यास विचारते आणि उठताना सांगते, उद्या जरा लवकर ये गं. आजवर एकीनेही नाही म्हटलेलं नाही."

"चहा तिचा प्यायचा आणि वर कामही तिनेच करायचं," हे म्हणाले. "सावकार बरा."

"दादा, तुझं आपलं काहीतरीच."

मीही हसले. मला तर त्यांचं कौतुकच वाटलं, की कशा गोडीगुलाबीने काम करून घेतात.

सुनावणीच्या आदल्या दिवशी पुन्हा जास्तीचं काम आलं. वन्सं संध्याकाळी घडीवालीकडे निघाल्या आणि लगेचच परत आल्या. चेहरा पार उतरलेला. मी पाणी दिलं ते हातातच राहिलं.

"जिना चढत होते," त्या म्हणाल्या. "वरून धाकटीचा आवाज आला, 'आई, ताईमावशी येतेय.' मला बरं वाटलं, पोर वाट बघतंय म्हणून. तर आतून ही म्हणते, 'टीव्ही बंद करा, दिवा घालवा. आवाज करू नका.' मी दाराशी उभी राहिले, वहिनी. वाजवलं नाही. आत चौघं जीव मुठीत धरून बसलेली आणि बाहेर मी. धाकटीला खोकला आला, तर कुणीतरी तिचं तोंड दाबलं. मग उतरले, चोरासारखी."

"अहो, दमली असेल बिचारी."

"फोन असता तर वाजू दिला असता तिने. माझ्या तोंडावर कशी नाही म्हणेल? मी एवढी तिच्या घरातली. मी तेच वापरलं."

त्या जेवल्या नाहीत. हे म्हणाले, "उद्या विचारतील तेवढंच सांग. फोन करत नाही, हे काही खोटं नाही." एरवी वन्सं देवाधर्मात नसतात, पण मी प्रार्थनेला बसले तर शेजारी येऊन बसल्या. मी देवाकडे त्यांच्यासाठी धीर मागितला. नोकरीला धक्का लागू नये असंही मागितलं, दोन्ही एकदम मागण्यात अर्थ नाही हे कळत असूनही.

सुनावणी वाचनालयाच्या वरच्या खोलीत होती. मी मागे बसले होते, मालक पुढच्या रांगेत. त्या तिघांतल्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "कामाच्या वेळेनंतर बायकांना फोन करावे लागतात का?"

"नाही. एकही नाही."

मालकांनी मान डोलावली. अध्यक्षबाई "छान" म्हणून पुढच्या कागदाकडे वळल्या. वन्संना उठायला हरकत नव्हती. त्या बसून राहिल्या.

"मी घरी जाते," त्या म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"त्यांच्या. फोन करायचा नाही ना, म्हणून."

"त्यांना नाही म्हणायची मोकळीक असते?"

"असते की. पण मी त्यांच्याच खुर्चीवर चहा पीत बसलेली असते. कशा म्हणतील?"

त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी लिहिणं थांबवलं. "हे मालकांनी सांगितलं होतं?"

"त्यांना फक्त माणसं हजर हवी होती. युक्ती माझी."

बाहेर आल्यावर मालक एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्या भरवशावर होतो मी." पुढच्या आठवड्यात वन्सं पुन्हा इस्त्रीच्या यंत्रावर गेल्या. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. त्यांना घाई होती ती घडीवालीची माफी मागायची.

काल जेवणाच्या सुट्टीत मागितली. घडीवाली म्हणाली, "माफी कसली, ताई? मी कधी काही म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस. पण त्या दिवशी तुमच्या दाराबाहेर मी उभी होते."

ती पांढरीफटक पडली. दार वाजलं नाही, म्हणजे ताई खालूनच परत गेल्या असं तिने धरलं होतं. डबा तसाच झाकून ती उठली. आज ती दुसऱ्या टोकाला पाठ करून बसली, आणि वन्सं यंत्रापाशी आल्या की नजर चुकवते.

"माफी मागायला गेले आणि लाज तिच्या पदरात टाकून आले," वन्सं मघाशी म्हणाल्या. "पोरीचं तोंड दाबलं ते मी ऐकलं, हे तिला कळायला नको होतं."

"जाऊन समजूत घाला तिची," मी म्हटलं.

"तिच्या घरी?"

त्या अजून पुढच्या खोलीत बसल्या आहेत.