तिसरा बाण

सौंसरात कोणता निरोप कोणत्या टेबलावर मरतो, हे छातीठोकपणे सांगणारे एकच गृहस्थ होते: आमच्या घरमालकीणबाईंचे धाकटे भाऊ. शाळेत गणित शिकवायचे. माणूस म्हणजे गोल, निरोप म्हणजे बाण, अशी चित्रं लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढून शेजारी समीकरणं मांडायचे. त्यात हेडमास्तरांचा गोल सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठा, पण त्यातून बाण एकही निघत नसे. एका लग्नात मुद्दाम पारखायला म्हणून त्यांनी मुख्य वाढप्याला सांगितलं, "भातावर तूप जरा जपून वाढजा," आणि घड्याळ काढून पंगतीच्या शेवटी जाऊन बसले. तिथे निरोप पोचला तो "तूप संपलं" असा. वधूपिता तुपासाठी लोधीखेड्याला माणूस पिटाळत होते आणि हे आनंदाने ओरडत होते, "तीनच पायऱ्या, पाहा!" तेव्हापासून लोक त्यांना बोलवत, पण वाढप्यांपासून लांब बसवत.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या त्या काळात मी सौंसरच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखिका होते. आई पांढुर्ण्याला एकटी, अंथरुणाला खिळलेली. शेजारीण दोन वेळा भाकर द्यायची. बदलीचा अर्ज पाच महिने हलला नाही. कोणत्या तारखेला कोणाला भेटले, कोण काय म्हणालं, याची यादी मी या गणितवाल्या भावांपुढे ठेवली. त्यांनी दोन गोल काढले.

"ताई, सौंसरवाले म्हणते, पांढुर्ण्यानं आधी रिकामी जागा कळवावी. पांढुर्णेवाले म्हणते, सौंसरनं आधी तुमाले मोकळं करावं. दोघंही एकमेकाची वाट पाहून राहिले. याचं उत्तर अनंत येते."

"अनंतापर्यंत आई थांबते काय?"

"म्हणून तर तिसरा बाण वरून पाडा. दोन्ही कचेऱ्यांच्या पत्रांचे नंबर एकाच कागदावर टाइप करा अन् छिंदवाड्याले, जिल्ह्याच्या कचेरीत धाडा. साहेबाले गाठ दिसली पाहिजे, रडगाणं नाही."

तसंच केलं. वीस दिवस लागतील, असं त्यांचं गणित. छिंदवाड्याने दोन्ही कचेऱ्यांकडून एकाच तारखेला उत्तर मागितलं, आणि सव्विसाव्या दिवशी हुकूम माझ्या हातात पडला.

संत्र्यांची टोपली घेऊन पाया पडायला गेले, तर हे कागदात मान घालून बसलेले, चेहरा उतरलेला.

"छिंदवाड्याच्या जावक बाबूचा गोल धरायचाच राहून गेला, ताई. मायजवळचे तुमचे सहा दिवस गेले माझ्यापायी."

आई त्यानंतर चौदा महिने माझ्या हातचं जेवली. ती गेल्यावर मी हे सगळं, आभारासकट, त्यांना पत्राने कळवलं. उलट टपाली कार्ड आलं. त्यात त्यांनी त्या सहा दिवसांची पुन्हा माफी मागितली होती.